दौलताबादचा चिनी महाल : सरहद्दीच्या किल्ल्यातील राजबंदीशाळेचा इतिहास

प्रस्तावना

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहराच्या वायव्येस सुमारे पंधरा किलोमीटर अंतरावर देवगिरी अर्थात दौलताबादचा किल्ला उभा आहे. मराठवाड्याच्या इतिहासावर लेखन करणाऱ्या प्रत्येक अभ्यासकाला या किल्ल्याकडे कधी ना कधी वळावेच लागते. यादवांची राजधानी, मुहम्मद तुघलकाचे राजधानी-स्थलांतर, बहमनी राज्याची स्थापना, निजामशाहीची अखेर या घटनांच्या अनुषंगाने त्याचे वर्णन विपुल प्रमाणात झाले आहे. लष्करी स्थापत्याचा उत्कृष्ट नमुना म्हणूनही त्याची चर्चा होते. तथापि हा किल्ला मध्ययुगात वारंवार बंदीशाळा म्हणून वापरला गेला, ही बाजू या वर्णनांत बहुधा एखाद्या वाक्यापुरतीच येते.

कालाकोटाचा दरवाजा ओलांडल्यानंतर एक दुमजली, पडझड झालेली वास्तू दिसते. तिला 'चिनी महाल' असे म्हणतात. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन कुतुबशाह ऊर्फ तानाशाह याला येथे कैदेत ठेवले होते, एवढी माहिती मार्गदर्शकाकडून पर्यटकाला मिळते आणि पर्यटक पुढच्या तोफेकडे वळतो. परंतु या माहितीमध्येच एक प्रश्न दडलेला आहे. या वास्तूला तुरुंगाचे गज नाहीत, कैद्यांसाठी बांधलेल्या कोठड्या नाहीत. उलट तिच्या दर्शनी भिंतीवर निळ्या-पांढऱ्या चकचकीत फरशांचे अवशेष आहेत. ज्या वास्तूत बंदीशाळेची एकही खूण नाही ती बंदीशाळा कशी झाली?

या प्रश्नाचे उत्तर वास्तूत न शोधता किल्ल्याच्या स्थानात शोधावे लागते. दौलताबादेत बंदीशाळा ही स्वतंत्र इमारत नव्हतीच. संपूर्ण किल्ला हीच बंदीशाळा होती. त्यातील कोणती जागा कोणासाठी वापरायची, कोणाला खड्ड्यात टाकायचे आणि कोणाला महालात ठेवायचे, हे राज्याची सरहद्द कोठे आहे यावरून ठरत गेले. प्रस्तुत निबंधात या विधानाचा पाठपुरावा केला आहे.

सरहद्दीचा किल्ला आणि त्याची रचना

देवगिरीचा डोंगर आसपासच्या सपाटीपासून सुमारे दोनशे मीटर उंच, सुटा आणि शंकूच्या आकाराचा आहे. त्याच्या खालच्या भागाचा खडक सर्व बाजूंनी उभा तासून काढलेला आहे, त्यामुळे डोंगराला नैसर्गिक चढ असा राहिलेलाच नाही. पायथ्याशी खडकातच कोरलेला खोल खंदक, खंदकावर एकच अरुंद वाट, ती ओलांडल्यावर डोंगराच्या पोटातून जाणारा 'अंधेरी' नावाचा वळणावळणाचा भुयारी मार्ग, अशी वर जाण्याची व्यवस्था आहे. या बालेकिल्ल्याच्या बाहेर एकात एक तीन तटबंद्या येतात: सर्वांत बाहेरचा अंबरकोट (याचे नाव मलिक अंबरशी जोडले जाते), मधला महाकोट आणि आतला कालाकोट. दरवाजे समोरासमोर नाहीत. प्रत्येक दरवाजापाशी वाट वळते, आणि दारांना हत्तीच्या धडकेपासून बचाव करण्यासाठी लोखंडी खिळे मारलेले आहेत.

ही सर्व रचना शत्रूला आत येऊ न देण्यासाठी केलेली आहे, आणि ती त्या कामी यशस्वी ठरली. दौलताबाद उघड हल्ल्याने जिंकला गेल्याची उदाहरणे शोधावी लागतात. तो पडला तो बहुधा कपटाने, फितुरीने किंवा उपासमारीने. पुरुषोत्तमपुरी (जि. बीड) येथील १३१० च्या ताम्रपटावरून असे दिसते, की १२७१ मध्ये रामचंद्र यादवाने आपला चुलतभाऊ अम्मणदेव याच्याकडून हा किल्ला घेतला तोही नटांच्या वेषात माणसे आत शिरवून. १२९६ मध्ये अलाउद्दीन खलजी चालून आला तेव्हा किल्ल्यात घाईने भरलेल्या गोण्यांत धान्याऐवजी मीठ निघाले आणि रामचंद्राला तह करावा लागला, असे फिरिश्ता सांगतो. मिठाची गोष्ट अक्षरशः खरी असो वा नसो, या किल्ल्याचे मर्म तिने अचूक पकडले आहे. त्याची भिंत फोडता येत नव्हती, पोट मात्र मारता येत होते.

बाहेरच्याला आत येता येऊ नये अशी जी जागा असते, तेथून आतल्यालाही बाहेर पडता येत नाही. याचे एक वेगळेच उदाहरण सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी तॅव्हर्नियेने नोंदविले आहे. मोगलांच्या दौलताबादेतील तोफखान्यावर इंग्रज व डच गोलंदाज असत, असे तो लिहितो. त्यांपैकी एका डच गोलंदाजाने पंधरा-सोळा वर्षे चाकरी केली. मायदेशी जाण्याची परवानगी तो पुन्हा पुन्हा मागत होता आणि ती मिळत नव्हती. अखेर मिर्झाराजा जयसिंगाने त्याच्यापुढे अट घातली, की किल्ल्यालगतच्या उंच जागी तोफा चढवून दाखवल्यास रजा मिळेल. गोलंदाजाने युक्ती लढवून तोफा वर नेल्या आणि मगच त्याची सुटका झाली. हा मनुष्य कैदी नव्हता, पगारी नोकर होता. तरीही त्याची गोष्ट वाचताना कैद्याचीच गोष्ट वाचत असल्यासारखे वाटते.

उंदरांचा खड्डा

दौलताबादच्या बंदीशाळेचे सर्वांत जुने सविस्तर वर्णन मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याच्या प्रवासवृत्तात आढळते. १३४० नंतरच्या दोन-तीन वर्षांत तो दिल्लीहून दक्षिणेकडे जाताना येथे आला होता. त्या काळी दौलताबाद हे दिल्ली सल्तनतीचे दक्षिणेतील प्रमुख ठाणे होते. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने त्याला राजधानीचा दर्जा दिला आणि दिल्लीतील अमीर, उलेमा व सूफी यांना येथे आणले. पुढे तो स्वतः दिल्लीस परतला, तरी ठाण्याचे महत्त्व कमी झाले नाही. दख्खनमधून वसूल झालेला खजिना वाटा सुरक्षित नसल्यामुळे दिल्लीला नेता येत नसे व तो बालेकिल्ल्यातच साठवला जाई, असे समकालीन इतिहासकार जियाउद्दीन बरनी लिहितो. बालेकिल्ल्याला तो 'धारागीर' म्हणतो. राज्याला जे जपून ठेवायचे पण हलवता येत नाही, ते सारे या खडकावर येत असे. त्यात पैसा होता आणि माणसेही होती.

बतूताच्या सांगण्यानुसार मोठ्या गुन्ह्यांतील अपराध्यांना या बालेकिल्ल्यातील खड्ड्यांत डांबले जाई. त्या खड्ड्यांत मांजरांहूनही मोठे उंदीर होते, इतके मोठे की मांजरेच त्यांना भिऊन पळत. मराठी वाचकाला हे वर्णन उंदरांचे न वाटता घुशींचे वाटेल, आणि ते बहुधा तसेच असावे. ही माहिती त्याला मलिक खत्ताब या अफगाण सरदाराने दिली, जो स्वतः तेथे कैदेत राहून आला होता. रात्री उंदीर अंगावर चालून येत आणि खत्ताबला त्यांच्याशी अक्षरशः लढावे लागे. स्वप्नात कोणी तरी त्याला सूरा इख्लास एक लाख वेळा म्हणण्यास सांगितले, त्याने तसे केले व तो सुटला, असे तो म्हणतो. मात्र सुटकेचे लौकिक कारणही तो लगेच सांगतो. शेजारच्या खड्ड्यात मलिक मल्ल नावाचा दुसरा सरदार होता. तो आजारी पडला, तेव्हा उंदरांनी त्याची बोटे आणि डोळे खाल्ले आणि तो मेला. ही वार्ता सुलतानाच्या कानी गेल्यावर खत्ताबचीही तीच गत होऊ नये म्हणून त्याला बाहेर काढण्याचा हुकूम झाला.

या वृत्तांतातील एक तपशील विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. हे दोघेही सामान्य गुन्हेगार नव्हते, सरदार होते. सल्तनतीच्या दक्षिण टोकाला असलेल्या या किल्ल्यावरचा कैदी म्हणजे मुख्यतः बेदिल झालेला अमीर. सरहद्दीवरील सैन्य ज्यांच्या हाती असते त्यांच्यावरच राज्याचा सर्वांत कमी विश्वास असतो. त्यामुळे सरहद्दीच्या किल्ल्यातील खड्डा हा बाहेरच्या शत्रूपेक्षा आतल्या सेनानीसाठीच खणला जातो. सुलतानाला त्याची भीती अनाठायी नव्हती, हे लौकरच दिसून आले. १३४५ पासून दख्खनमधील 'अमीरान-ए-सदा' म्हणजे शतनायक अमीरांनी बंड केले, दौलताबाद घेतला, तेथील खजिना वाटून घेतला आणि आपल्यातील एकाला नासिरुद्दीन या नावाने सुलतान केले. अन्य तवारिखांत त्याचे नाव इस्माईल मख असे येते. इब्न बतूता मात्र त्याला मलिक मल्लचा पुत्र म्हणतो, आणि तुघलकाकडून पराभव झाल्यावर त्याने याच बालेकिल्ल्याचा आश्रय घेतल्याचे नमूद करतो. बतूताची वंशावळ ग्राह्य धरली, तर ज्या खडकावर बापाला उंदरांनी खाल्ले त्याच खडकाने मुलाला वाचवले. ३ ऑगस्ट १३४७ रोजी अलाउद्दीन हसन बहमनशाह याचे राज्यारोहण झाले आणि दख्खन दिल्लीपासून तुटला.

बहमनी राजधानी गुलबर्ग्यास आणि नंतर बीदरला गेली. दौलताबाद हे राज्याच्या उत्तर सरहद्दीवरील ठाणे बनले. १४४५ च्या सुमाराचा चांद मिनार हे त्या काळाचे सर्वांत ठळक स्मारक होय. १४९९ मध्ये किल्ला अहमदनगरच्या निजामशाहीकडे आला. येथपासून पुढची सव्वाशे वर्षे राजसत्तेचे केंद्र आणि कैदेचे ठिकाण यांतील अंतर कमी होत गेले. मोगलांच्या दबावाने अहमदनगर हातचे गेल्यावर तर दौलताबाद हीच निजामशाहीची राजधानी झाली, आणि राजधानीत कैद होतो तो बंडखोर अमीर नव्हे, प्रसंगी खुद्द राजा. कैदेतून मुक्त झालेला मलिक अंबरचा पुत्र फतेहखान याने आपल्याला सोडणाऱ्या दुसऱ्या मुर्तजा निजामशाहालाच कैद करून ठार मारले आणि हुसेन नावाच्या अल्पवयीन मुलाला गादीवर बसवले. त्याआधी १६२९ मध्ये लखुजी जाधवराव यांची याच किल्ल्यात भर दरबारात हत्या झाली होती. निजामशाहीची शेवटची वर्षे कोणी कोणाला केव्हा डांबले याच्याच नोंदींनी भरलेली आहेत.

चिनी महाल हा याच निजामशाही परंपरेतला. नावातील 'चिनी' हा शब्द देशवाचक नाही. चिनी मातीच्या, म्हणजे झिलई दिलेल्या, फरशांवरून तो आलेला आहे. कालाकोटातील निजामशाही वाड्याच्या अवशेषांलगत तो उभा आहे. तो राजकुटुंबासाठी किंवा दरबारी वापरासाठी बांधला गेला असावा, हे त्याच्या सजावटीवरूनच स्पष्ट होते.

१६३३ आणि १६३६ : सरहद्द दक्षिणेकडे सरकते

१६३३ मध्ये शाहजहानचा सेनापती महाबतखान याने दौलताबादला वेढा घातला. आत फतेहखान आणि बालराजा हुसेन निजामशाह होते. विजापूरकरांच्या बाजूने रणदुल्लाखान, मुरारपंत आणि शहाजीराजे बाहेरून रसद आत पोहोचवण्याचा प्रयत्न करीत होते. सुरुंग लावून अंबरकोट आणि महाकोट फोडण्यात आले, परंतु किल्ला अखेर शरण आला तो अन्न संपल्यामुळे. जून १६३३ मध्ये तो मोगलांच्या ताब्यात आला.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. हुसेन निजामशाहाला दौलताबादेत ठेवले गेले नाही. त्याची रवानगी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात झाली. १६३६ मध्ये शहाजीराजांनी गादीवर बसवलेला शेवटचा निजामशाही वारस मुर्तजा हाही माहुलीच्या शरणागतीनंतर ग्वाल्हेरलाच गेला. कारण उघड आहे. दौलताबाद अद्याप सरहद्दीवर होता. ज्या राज्याचा राजा कैद झाला त्याच राज्याच्या किल्ल्यात त्याला ठेवणे म्हणजे सोडवणुकीला आमंत्रण देणे. मोगलांची मुख्य राजबंदीशाळा ग्वाल्हेर होती आणि तिची कीर्ती चांगली नव्हती. राजघराण्यातील कैद्यांना तेथे अफूच्या बोंडांचा काढा रोज सकाळी पाजून हळूहळू निकामी करीत, असे बर्निये लिहितो. याच ग्वाल्हेरात १६६१ मध्ये औरंगजेबाचा भाऊ मुरादबक्ष याला देहान्त शिक्षा झाली.

१६३६ हे वर्ष दौलताबादच्या इतिहासात निर्णायक आहे. शाहजहान स्वतः दक्षिणेत आला आणि दौलताबाद परिसरात त्याचा मुक्काम असताना विजापूर व गोवळकोंडा या दोन्ही राज्यांशी करार झाले. गोवळकोंड्याच्या अब्दुल्ला कुतुबशाहाने मोगलांचे स्वामित्व मान्य करून खंडणी कबूल केली. किल्ल्यावरची बारादरी याच शाही भेटीशी जोडली जाते. या करारांनी मोगलांची सरहद्द भीमेपर्यंत खाली सरकली आणि दौलताबाद पहिल्यांदाच सरहद्दीच्या मागे राहिला. त्याच्या पायथ्याजवळच्या खडकी गावाला पुढे औरंगाबाद हे नाव मिळाले आणि ते दख्खनच्या सुभेदारीचे केंद्र बनले. लष्करीदृष्ट्या किल्ल्याचे काम संपल्यासारखे झाले होते. पण तट, खंदक, दरवाजे आणि शिबंदी जागच्या जागी होती.

अशा किल्ल्याचा उपयोग काय, याचे उत्तर १६५८ मध्ये मिळाले. मीर जुमला हा मूळचा गोवळकोंड्याचा वजीर. १६५५ मध्ये त्याचा मुलगा मुहम्मद अमीन याला कुतुबशाहाने कैद केले, तेव्हा ते निमित्त करून औरंगजेबाने गोवळकोंड्यावर चाल केली आणि मीर जुमला मोगलांकडे गेला. १६५७ च्या अखेरीस शाहजहानच्या आजारपणानंतर वारसायुद्धाची चाहूल लागली. मीर जुमलाला दिल्लीचे बोलावणे आले. तो गेला तर त्याचे सैन्य व तोफा औरंगजेबाच्या हातून जाणार, आणि न गेला तर ते उघड बंड ठरणार. औरंगजेबाने त्याला अटक करून दौलताबादेत ठेवले. ही अटक दोघांच्या संमतीने झाली होती, याबद्दल इतिहासकारांत फारसा मतभेद नाही. पुढे मीर जुमला सुटला आणि १६५९ च्या आरंभी खजव्याच्या लढाईत औरंगजेबाच्या बाजूने उभा राहिला. त्याच्या बाबतीत दौलताबाद ही शिक्षा नव्हती, सोय होती.

तानाशाहची कैद

विजापूर १२ सप्टेंबर १६८६ रोजी पडले. सुमारे अठरा वर्षांचा सिकंदर आदिलशाह शरण आला आणि त्याला काही काळ दौलताबादेत ठेवण्यात आले. त्यानंतर जानेवारी १६८७ मध्ये गोवळकोंड्याला वेढा पडला. आठ महिने झुंजल्यावर २१ सप्टेंबर १६८७ रोजी अब्दुल्लाखान पनी या सरदाराने फितूर होऊन दरवाजा उघडला. अब्दुर्रज्जाक लारी हा एकटा सरदार अंगावर असंख्य जखमा घेत लढला. अबुल हसनाला पकडायला मोगल सरदार महालात आले तेव्हा त्याने त्यांचे शांतपणे स्वागत केले आणि नित्याप्रमाणे भोजन उरकूनच तो त्यांच्याबरोबर निघाला, असा वृत्तांत खाफीखानाने दिला आहे. औरंगजेबाने त्याला सालीना पन्नास हजार रुपयांची नेमणूक बांधून दिली आणि दौलताबादला रवाना केले.

मराठी वाचकाला हा राजा परका नाही. १६७७ मध्ये दक्षिणदिग्विजयाला जाताना शिवाजी महाराज भागानगरला गेले आणि अबुल हसनाशी त्यांचा करार झाला. मादण्णा व आकण्णा हे त्याचे कारभारी त्या कराराच्या मागे होते. १६८६ मध्ये भागानगरातच त्या दोघांची हत्या झाली. तेलुगू भाषकांना तो आणखी एका कारणाने परिचित आहे. भद्राचलमचा रामभक्त कवी कंचर्ला गोपन्ना ऊर्फ रामदास याने सरकारी वसुलातून मंदिर बांधले म्हणून तानाशाहने त्याला गोवळकोंड्यात बारा वर्षे कैदेत ठेवले, अशी परंपरा आहे. गोवळकोंड्याच्या किल्ल्यात रामदासाची कोठडी आजही दाखवतात. ज्याने एका कवीला बारा वर्षे डांबले असे मानले जाते तो पुढे स्वतः जवळजवळ तितकीच वर्षे दौलताबादेत राहिला आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस तेथेच वारला. दोन किल्ल्यांतील दोन कैदखाने एकाच माणसाच्या नावाशी बांधलेले असणे हा योगायोग तेलंगण आणि मराठवाडा यांच्या पर्यटन-पुस्तिकांत मात्र कधी एकत्र येत नाही.

तानाशाहला १६८७ मध्ये ग्वाल्हेरला न पाठवता दौलताबादेत का ठेवले? निजामशाही राजांच्या बाबतीत जो नियम लागू झाला तो येथे का मोडला? याचे उत्तर पुन्हा सरहद्दीतच आहे. १६३३ मध्ये दौलताबाद कैद्याच्या स्वतःच्या राज्यात होता. १६८७ मध्ये तो गोवळकोंड्यापासून शेकडो मैल दूर, मोगली प्रदेशाच्या आत, दख्खनच्या सुभेदारीच्या शहराला लागून होता. दुसरे कारण प्रशासकीय आहे. मोगल व्यवस्थेत महत्त्वाच्या किल्ल्यांचे किल्लेदार थेट बादशहाकडून नेमले जात व ते सुभेदाराच्या अधीन नसत. सुभेदार उद्या बंड करील, हे ज्या बादशहाने स्वतः सुभेदार असताना करून दाखवले होते त्याला या तरतुदीचे मोल ठाऊक असणारच. बादशहा १६८२ पासून स्वतः दक्षिणेत होता, म्हणून कैदी त्याच्या आवाक्यातही होता.

समकालीन फारसी ग्रंथकारांच्या दृष्टीने 'दौलताबाद' एवढा उल्लेख पुरेसा आहे. कैदेची जागा चिनी महाल होती ही माहिती स्थानिक परंपरेने जपली आणि पुढे गॅझेटिअरादी ग्रंथांतून ती रूढ झाली. ती ग्राह्य धरण्यास वास्तूचे स्थान अनुकूल आहे. महाल कालाकोटाच्या आत आहे, म्हणजे मुख्य तटबंद्या ओलांडल्यावर. पण खंदकाच्या आणि अंधेरीच्या अलीकडे आहे. त्यामुळे राजाला शोभेल अशी जागा, पाणी व नोकरचाकरांची ये-जा या गोष्टी शक्य होतात, आणि बाहेर पडण्याची वाट मात्र एकच राहते, जिच्यावर दरवाजामागून दरवाजा आहे. जवळच्याच बुरुजावर औरंगजेबाचे नाव कोरलेली 'किल्ला-शिकन' अर्थात मेंढा तोफ आहे. तिच्या मागच्या टोकाला मेंढ्याचे डोके घडवलेले असल्याने लोकांनी तिला ते नाव दिले. महालाला गजांची गरज नव्हती. गजांचे काम चौदाव्या शतकापासूनच डोंगर करीत होता.

या कैदेचे स्वरूप खड्ड्यातील कैदेहून सर्वस्वी भिन्न होते. मलिक मल्लला राज्याने मरण्यासाठी टाकले होते. तानाशाहला जिवंत ठेवण्यासाठी ठेवले होते. पदच्युत राजा जिवंत आहे, नेमणुकीवर जगतो आहे आणि बादशहाचे अन्न खातो आहे, हे जोवर सर्वांना ठाऊक आहे तोवर त्याच्या नावाने दुसरा कोणी गादी मांडू शकत नाही. १६३३ नंतर निजामशाहीच्या बाबतीत शहाजीराजांनी नेमके तेच केले होते आणि मोगलांना तीन वर्षे झुंजावे लागले होते. हा अनुभव विसरला गेला नसावा. तानाशाहविषयी एक आख्यायिका सांगितली जाते: कैदेत असताना एका गवयाचे गाणे ऐकून त्याने, आपल्याजवळ एक लाख रुपये असते तर ते याला बक्षीस दिले असते, असे उद्गार काढले, ते बादशहाच्या कानी गेल्यावर त्याने तेवढी रक्कम पाठवून दिली. आख्यायिकेचे ऐतिहासिक प्रामाण्य बाजूला ठेवले तरी तिचा रोख समजण्यासारखा आहे. राजाचे औदार्य शिल्लक आहे, खजिना दुसऱ्याचा आहे.

या धोरणाची दुसरी बाजू मराठ्यांच्या इतिहासात दिसते. १६८९ च्या मार्चमध्ये छत्रपती संभाजी महाराजांची औरंगजेबाने क्रूरपणे हत्या केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रायगड पडल्यावर येसूबाई व बाल शाहू यांना मात्र त्याने जिवंत ठेवले. तेही किल्ल्यात नव्हे, आपल्या छावणीत. शाहू १६८९ ते १७०७ छावणीबरोबर फिरत राहिले. सिकंदर आदिलशाहालाही नंतर छावणीबरोबर नेण्यात आले. तो एप्रिल १७०० मध्ये साताऱ्याजवळच्या तळावर वारला. म्हणजे कैदेच्या तीन पद्धती एकाच बादशहाच्या एकाच दशकात दिसतात. ज्याचे राज्य पुरते संपले होते तो तानाशाह किल्ल्यात. ज्याचा वाटाघाटीत उपयोग होऊ शकतो तो शाहू छावणीत. आणि जो वाकला नाही त्याला जिवे मारणे. तानाशाहच्या वाट्याला आलेला महाल आणि पन्नास हजारांची नेमणूक ही बादशहाची दया म्हणून वाचली जाते. ते त्याच्या राज्याच्या संपूर्ण समाप्तीचे प्रमाणपत्र होते, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. राजाराम महाराज जिंजीहून लढत असताना मराठ्यांच्या बाबतीत असे प्रमाणपत्र औरंगजेबाला कधीच देता आले नाही.

नंतरचा काळ

अठराव्या शतकात किल्ला पुन्हा झगड्याचा विषय बनला. १७५७-५८ मध्ये निजाम सलाबतजंगाच्या दरबारातील कारस्थानांत 'मआसिरुल उमरा' या चरित्रकोशाचा कर्ता शाहनवाजखान याने दौलताबाद आपल्या ताब्यात ठेवला होता. फ्रेंच सेनानी बुसीने किल्लेदाराला फितवून तो काढून घेतला, आणि मे १७५८ मध्ये शाहनवाजखान औरंगाबादेत मारला गेला. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर किल्ला मराठ्यांना मिळाला, पुढे निजामाकडे गेला, आणि १७९५ च्या खर्ड्याच्या तहात पुन्हा मराठ्यांना देण्याचे ठरले. तोवर किल्ल्याचे नाव प्रतिष्ठेसाठी अधिक आणि उपयोगासाठी कमी घेतले जात होते.

राजकीय कैद्यांसाठी जुना किल्ला वापरण्याची पद्धत मात्र दख्खनमध्ये पुढेही टिकली. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांना ब्रिटिशांनी ठेवले ते अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) भुईकोटात, म्हणजे निजामशाहीच्याच दुसऱ्या किल्ल्यात. तेथील नेत्यांच्या खोल्या स्मारक म्हणून जपल्या गेल्या आहेत, कारण कैद्यांनी तेथे ग्रंथ लिहिले. दौलताबादेतील कैद्यांपैकी मलिक खत्ताब एका परदेशी प्रवाशाशी बोलला म्हणून त्याचा आवाज उरला. तानाशाहविषयी जे लिहिले गेले ते त्याला कैद करणाऱ्यांच्या आश्रितांनी लिहिले. शिबंदीतील, शागिर्दपेशातील, वसुलीत अडकलेले जे सामान्य कैदी येथे राहिले असतील त्यांच्याविषयी या दोन्ही प्रकारच्या साधनांत एक ओळही नाही.

चिनी महालाच्या दर्शनी भिंतीवरील फरशा आज तुटक शिल्लक आहेत. तानाशाहचे शव दौलताबादहून खुलताबादला नेण्यात आले आणि सय्यद राजू कत्ताल यांच्या दर्ग्याच्या आवारात त्याला पुरण्यात आले. राजू कत्ताल हे गुलबर्ग्याचे प्रसिद्ध सूफी गेसूदराज यांचे पिता. मुहम्मद तुघलकाच्या राजधानी-स्थलांतरात ते कुटुंबासह दिल्लीहून दौलताबादेस आले होते, आणि भागानगरातील तानाशाहचे गुरू शाह राजू हे त्याच घराण्यातले. १७०७ मध्ये औरंगजेब अहमदनगरजवळ वारला. त्याचेही शव खुलताबादलाच आणण्यात आले.